आतल्यांचं होऊ दे

टास्मानियातल्या केटरिंगला बाबाच्या घराच्या पुढच्या दाराला आतून कडी आहे, पण आई गेल्यापासून ती लावलेली कोणी पाहिली नव्हती. शनिवारी दुपारी तर दार सताड उघडं असतं आणि जुलैचा, म्हणजे इथल्या हिवाळ्यातला, गार वारा खाडीवरून थेट स्वयंपाकघरात येतो. चुलीवर सूप, ओव्हनमध्ये स्कॅलप शिंपल्यांच्या पाई आणि टेबलाभोवती माणसं. काही होबार्टहून आलेली, काही मेलबर्नहून विमानाने आलेली, आणि एखादा नुसताच ब्रूनी बेटाची फेरीबोट चुकली म्हणून वेळ काढायला बसलेला. ठोठावायचं नाही, विचारायचं नाही. बूट दाराच्या आत काढायचे आणि बसायचं.

मी डार्विनहून आले होते ते बाबाला एक गोष्ट सांगायला आणि एक मागायला. सांगायचं हे, की मला पाचवा महिना लागलाय. मागायचं हे, की तू माझ्याकडे राहायला ये. एकेचाळिसाव्या वर्षी मी एकटी बाळंत होणार होते. बाळाचा बाप पर्थला निघून गेला होता आणि त्याच्यावर याहून जास्त शाई खर्च करायची माझी इच्छा नाही. मला भीती वाटत होती. मला माझा बाप हवा होता. रविवारी परतीचं विमान होतं, आणि गुरुवारी उतरल्यापासून तो मला एकटा असा सापडलाच नव्हता.

माझा बाबा, ग्विलिम रीस, आमच्या जगात मोठा माणूस आहे. हे जग छोटं आहे, त्यामुळे मोठं होणं तसं अवघड नाही, पण तो आहे. कॉम्प्युटरच्या पोटात सगळ्यात तळाशी जो प्रोग्राम चालतो त्याला कर्नेल म्हणतात, आणि त्यातली काही कुलपं बाबा सांभाळतो. मीही तेच काम करते. खाण तशी माती.

कुलूप म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकते. भिंतीवर एक तक्ता लावलाय असं समजा. तो वाचायला कितीही जण एकदम उभे राहोत, कोणाचं काही बिघडत नाही. पण तक्त्यात काही बदलायचं असेल तर बदलणारा तिथे एकटाच हवा, नाहीतर लोक अर्धं जुनं आणि अर्धं नवं वाचतील आणि खड्ड्यात जातील. म्हणून वाचणाऱ्यांनी खुशाल एकत्र आत जायचं आणि लिहिणाऱ्याने सगळे बाहेर पडेपर्यंत थांबायचं. एवढंच ते कुलूप. आता वाचणारे येतच राहिले तर काय होतं? एक बाहेर पडायच्या आत दुसरा आत शिरतो. लिहिणारा बिचारा थांबतो, आणि थांबूनच राहतो.

बाबाचं कुलूप नेमकं असं होतं. मी त्यावर उपाय पाठवला होता: लिहिणारा दाराशी आला की आत आहेत त्यांचं होऊ द्यावं, पण नव्या वाचणाऱ्यांना त्याच्यामागे उभं करावं. आमच्याकडे अशी दुरुस्ती सगळ्या जगासमोर, मेलिंग लिस्टवर पाठवावी लागते आणि ज्याचं कुलूप त्याने होकार दिला तरच ती आत जाते. तिथे बाप-लेक काही नसतं. बाबाने दोनदा नाकारली. "टेगन, नको. वाचणारे मंदावतील. शिवाय माझ्याकडे असं कधीच होत नाही." खाली सही, ग्विलिम रीस. दुसऱ्याच दिवशी वेगळा मेल आला होता, लिंबाचं झाड फुललंय म्हणून.

"माझ्याकडे" म्हणजे धुण्याच्या खोलीत, वॉशिंग मशीनशेजारी ठेवलेला त्याचा जुना खटारा कॉम्प्युटर. बाबा सगळं त्यावर तपासतो. त्या खटाऱ्यावर एका वेळी मोजके वाचणारे मावतात, मध्ये कुठेतरी फट पडतेच, आणि लिहिणारा त्या फटीतून आत सरकतो. शेकडो वाचणारे एकदम चालवणाऱ्या अवाढव्य मशीनवर ती फट येतच नाही. एका गिऱ्हाइकाने लिहिलं होतं, तक्त्यातली एक ओळ बदलायचा हुकूम सकाळी दिला आणि संध्याकाळी घरी गेलो तरी तो तिथेच उभा होता. मी तो हुकूम नुसता डोळ्यांपुढे आणला तरी मला तिथे मीच उभी दिसायचे. हो, मला माहीत आहे, आम्हा लोकांना जिथे तिथे कुलपंच दिसतात.

आई होती तेव्हा आमच्या घरातही फट सापडायची. बाबा काम करायचा, आई बागेत असायची आणि शाळेतून आल्यावर तासभर तो फक्त माझा असायचा. आई गेल्यावर घर इतकं शांत झालं की बाबाने ते माणसांनी भरून टाकलं. एक शनिवार म्हणता म्हणता आठवडाच शनिवार झाला. त्याने असं का केलं ते मला समजतं. समजतं म्हणून दुखायचं थांबत नाही.

गुरुवारी रात्री पाहुण्यांच्या खोलीत मेलबर्नचं एक जोडपं होतं. शुक्रवारी सकाळी मी म्हटलं, "बाबा, धक्क्यापर्यंत चालत जाऊ या का?" तो लगेच उठला, टोपी घातली, मला इतकं बरं वाटलं. फाटकाशी प्रू भेटली. प्रू शेजारीण, विद्यापीठात कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेली, जिभेला धार आणि हाताशी म्हातारा कुत्रा.

"कुठे निघालात?" तिने विचारलं.

"चल की," बाबा म्हणाला. झालं. धक्क्यापर्यंत दोघं भांडत गेली, कॉम्प्युटरने मेमरीत कुठला शब्द आधी लिहायचा आणि कुठला नंतर यावर, आणि मी कुत्र्याबरोबर चालले.

शुक्रवारी दुपारी तो लाकडं फोडत होता. मी गेले, तर म्हणाला, "बरी आलीस, ती टोपली उचल." मी उचलली. तोंड उघडलं आणि मेलबर्नवाला मागून आला, "मी मदत करू का?" शनिवारी सकाळी धुण्याच्या खोलीत तो खटाऱ्यापुढे एकटा दिसला, म्हणून डोकावले, तर वॉशिंग मशीनवर डूगल बसलेला. डूगल होबार्टचा, नेटवर्कचं काम करतो, माणूस सोन्यासारखा आणि नको ती वेळ एकही न चुकवणारा. मी मागच्या मागे फिरले.

"टेगी का आली होती?" डूगलचा आवाज ऐकू आला.

"असंच," बाबा म्हणाला.

दुपारी टेबल भरलं. मी आईचा जाडा लोकरी स्वेटर घातला होता, त्यात दोन जण मावतील. मावलेच होते. डूगलने पाईचा मोठा तुकडा माझ्यापुढे सारला.

"खा गं. तसं डार्विन मानवलंय तुला, चांगली भरलीयस!"

सगळे हसले. मी पण हसले. बाबाने मान वर केली नाही, तो कोणाच्या तरी लॅपटॉपवर वाकून एक चुकलेला स्वल्पविराम दाखवत होता. हजार ओळींतला स्वल्पविराम या माणसाला दिसतो आणि समोर बसलेल्या लेकीचं पोट दिसत नाही. मला अंगभर राग आला, आणि रागाखाली नुसतं रडू होतं.

मग विषय निघालाच. प्रूनेच काढला. "ग्विल, पोरीची दुरुस्ती का अडवून ठेवलीयस?"

"अडवलेली नाही, नाकारलीय," बाबा म्हणाला. "दार सगळ्यांना उघडं हवं. एकासाठी बाकीच्यांना ताटकळत ठेवायचं?"

"आणि तो एक ताटकळतोय त्याचं काय?" मी म्हटलं.

"त्याला मिळते की फट. माझ्या मशीनवर..."

"तुझ्या त्या खटाऱ्यावर! तिथे वाचायला येतंय कोण? वॉशिंग मशीन?"

डूगल ठसका लागेपर्यंत हसला. बाबालाही हसू आलं, पण हटायला तो कुठे तयार होता. "इतकी वर्षं झाली. एकाही लिहिणाऱ्याने माझ्याकडे तक्रार केली नाही."

"कशी करेल, बाबा? आत आल्याशिवाय त्याला काही करताच येत नाही. तो बाहेर उभा आहे. तो फक्त उभा आहे." माझा आवाज चढला होता आणि तो मला खाली आणता येईना. "मी गुरुवारपासून उभी आहे."

कोणाचा तरी चमचा बशीत वाजला.

"बोल की मग," बाबा म्हणाला, जरा बावरून. "सगळे आपलेच आहेत."

"सगळ्यांसमोर नाही. मला तू एकटा हवायस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा नीट पाहिलं. मग खुर्ची मागे सारून उठला, दाराशी गेला, दार लावलं आणि कडी ओढली. कडी हलेना. इतक्या वर्षांचा गंज. त्याने चुलीवरचा डाव घेतला आणि त्याच्या दांड्याने तिला ठोकलं, सूपचे शिंतोडे भिंतीवर उडाले, तेव्हा कुठे ती खट्‌कन बसली.

"आतल्यांचं होऊ दे," तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. "सावकाश खा, कोणाला घाई नाही. पण आता नवीन कोणी नाही."

ही माणसं माझ्यासारखीच आहेत, त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. मेलबर्नवाल्यांनी सूप संपवलं, बश्या धुतल्या आणि धक्क्यावर फिरायला म्हणून निघून गेले. बाबा प्रत्येकासाठी कडी काढत होता आणि त्याच्यामागे पुन्हा लावत होता. ज्याचा स्वल्पविराम चुकला होता तो लॅपटॉपवाला गेला. बाहेर पाऊस सुरू झाला. प्रू उठत होती, तेवढ्यात दारावर धाडधाड झालं.

"नवीन कोणी नाही!" बाबा ओरडला.

"मी नवीन कुठाय?" बाहेरून डूगल. "मेलबर्नवाल्यांबरोबर बाहेर पडलो, गाडीतून केक आणायला! माझी अर्धी पाई आत आहे! माझा लॅपटॉप आत आहे! तुझे रबरी बूट घालून उभा आहे मी, ग्विल, आणि ते गळतायत!"

मला कळेना, हसावं की डोकं आपटावं. डूगलची पाई संपल्याशिवाय माझी वेळ येणार नव्हती आणि माझी वेळ झाल्याशिवाय डूगल आत येणार नव्हता. प्रू पोट धरून हसत होती. आणि बाबा! बाबाचा चेहरा असा उजळला की वाटावं जगज्जेता झालाय.

"बघ!" तो माझ्यावर बोट रोखून म्हणाला. "म्हणून मी नको म्हणत होतो! आत असलेलाच पुन्हा दाराशी आला की काय होतं? हा तुझ्यामागे थांबला, तू त्याच्यासाठी थांबलीस, आणि सगळं कायमचं अडकलं!"

"हे तू लिस्टवर लिहिलंस कधी?" मी पण ओरडले. "तू तर फक्त म्हणालास वाचणारे मंदावतील!"

"मला वाटलं तुला दिसेल!"

"मला कसं दिसेल? तू सांगितल्याशिवाय मला कसं दिसेल?"

"अरे, मी भिजतोय!" डूगल.

मी जाऊन कडी काढली. "जो आधीच आत आहे त्याला थांबवायचं नाही," मी बाबाला म्हटलं. "दाराशी ओळख पटवायची आणि सोडायचं. एवढीच तर भर घालायची." डूगल आत आला, उभ्या उभ्याच त्याने पाई तोंडात कोंबली, केक टेबलावर ठेवला, लॅपटॉप काखेला मारला आणि गाल फुगलेलेच असताना मला काहीतरी शुभेच्छा देऊन गेला. प्रू शेवटची. जाता जाता तिने माझ्या स्वेटरवर, नेमक्या जागी, हात ठेवला. "मी धक्क्यावरच ओळखलं होतं," ती हळूच म्हणाली. "सांग आता त्याला, वेडाबाई."

बाबाने कडी लावली. मग घरात आम्ही दोघंच उरलो.

किती वर्षं मला हे हवं होतं. चुलीत लाकूड तडतडलं, फ्रिज घरघरत होता. बाबाने कप गोळा करायला घेतले, रिकाम्या खुर्च्या सरळ केल्या. त्याला ती शांतता सहन होत नव्हती, ते त्याच्या हातांवरून दिसत होतं.

"राहू दे ते. बस," मी म्हटलं.

तो बसला, डूगलच्याच खुर्चीवर. मी स्वेटर वर करून पोटावर दोन्ही हात ठेवले आणि म्हटलं, "पाचवा महिना आहे."

त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं. मग चुलीजवळच्या लाकडांकडे. "आणि मी काल तुला लाकडांची टोपली उचलायला लावली."

"हो."

"का नाही सांगितलंस, टेगी?"

"तुझ्याकडे सारखं कोणी ना कोणी असतं."

त्याने चष्मा काढला आणि स्वेटरच्या बाहीने पुसत बसला. "तुझी आई गेल्यावर हे घर संध्याकाळी असं काही व्हायचं, की मी धुण्याच्या खोलीत जाऊन वॉशिंग मशीन रिकामीच चालू करायचो. आवाजासाठी. मग वाटलं, माणसं येती-जाती राहिली तर तूही येत राहशील. इथे गजबज असली तर तुला बरं वाटेल." त्याने चष्मा पुन्हा घातला. "तू यायचीस. डोकावायचीस आणि निघून जायचीस. मला वाटायचं, तुला माझ्याकडून काही नकोच आहे."

मला वाटलं होतं, गेली कित्येक वर्षं मी रांगेत आहे. त्याला ते कोणी सांगितलंच नव्हतं. मी तिथे बसून लहान मुलीसारखी रडले आणि त्याने मला रडू दिलं. नाक पुसायला त्याने मला भांडी पुसायचं फडकं दिलं, त्याला दुसरं काही सुचलं नाही.

"मला भीती वाटतेय, बाबा," मी म्हटलं. "माझ्याकडे ये. डार्विनला. किती दिवस ते विचारू नकोस, मला माहीत नाही. मला तू हवायस."

तो काही बोलायच्या आत दार वाजलं.

"ग्विल! आहेस ना? फेरी चुकली रे! दार का लागलंय?"

बाबाचं अंग आपोआप उठलं. मी ते लहानपणापासून पाहत आले आहे, हात टेबलावर टेकतात, गुडघे सरळ होतात आणि मग चेहऱ्यावर यजमानाचं हसू येतं. मी माझा हात मागे घेतला. फडक्याची घडी घालायला लागले. आता तो जाणार, कडी काढणार, माणूस आत येणार, बूट काढणार.

तो अर्धवट उठलेला तसाच थांबला. त्याने दाराकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या त्या घडीकडे.

पुन्हा वाजलं. "ग्विल?"

"दार वाजतंय," मी म्हटलं.

"वाजू दे."

तो खाली बसला. बाहेरचा माणूस थोडा वेळ थांबला, काहीतरी पुटपुटला, आणि मग वाळूवरून त्याची पावलं फाटकाकडे गेली. बाबा ती ऐकू येईनाशी होईपर्यंत ऐकत राहिला. त्याला ते फार जड गेलं, मला दिसत होतं.

"डार्विनच्या उकाड्यात माझा तो खटारा चालेल का गं?" त्याने विचारलं.

"त्याला इथेच राहू दे, बाबा."

"बरं," तो म्हणाला. मग त्याने ते फडकं माझ्या हातातून काढून घेतलं आणि माझा हात धरला. "बोल. तुझं अजून झालं नाही."